पहिलं वचन तुझं होतं

सुलू, तुझ्या मातीला इतकी माणसं येतील असं मला वाटलं नव्हतं. आणि खरं सांगते, ते मला आवडलं नाही. चर्चच्या फाटकापासून कोपऱ्यावरच्या पानाच्या दुकानापर्यंत माणसं उभी होती. पलीकडच्या गल्लीतल्या चादरी विणणाऱ्या बायका आपसात तेलुगूत बोलत डोळे पुसत होत्या. भाजीवाले चाचा गाडी तशीच टाकून आले होते. तुझा भाऊ सांगोल्याहून आला, पागोटं बांधून भिंतीला टेकून उभा राहिला आणि शेवटी पुढे होऊन त्यानं मूठभर माती टाकली. मी तुझी थोरली जाऊ, पाळकाची मुलगी, याच चर्चच्या आवारात लहानाची मोठी झालेली. तुझ्या पेटीशेजारी उभी राहून मी काय करत होते? माणसं मोजत होते. माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का, याचा हिशेब चालला होता.

आज अकरावा दिवस. लोक येतात, चहा घेतात आणि मला म्हणतात, "जावा जावा, पण बहिणींसारख्या राहिलात." मी मान हलवते. बहिणी एकमेकींवर जळत नाहीत असं कुणी सांगितलं? तू घरात आलीस त्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही. तू गेल्यावर थांबेल असं वाटलं होतं, तर उलट वाढलंय.

आठवतं का तुला ते पहिलं वर्ष? विल्सनभावजी सांगोल्याकडे गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. शेळ्यांना लस टोचता टोचता त्यांनी तुला पसंत केली आणि बाप्तिस्मा घेऊन तू आमच्या घरात आलीस. सातवी शिकलेली धनगराची पोर. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हेही तुला ठाऊक नव्हतं. सगळे माना खाली घालून बसलेले आणि तू टक्क उघड्या डोळ्यांनी प्रत्येकाकडे बघतेयस. मी नंतर बाजूला घेऊन सांगितलं, तर म्हणालीस, "मिटती की अक्का. पर डोळं मिटलं की मेंढरं कुटं गेली कळत न्हाय. सवय हाय, जाईल हळूहळू." सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. दहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली राबले होते. माझ्या कुठल्याच बोलण्यावर त्या तशा हसल्या नव्हत्या.

मग तू माझ्या रविवारच्या शाळेत येऊन बसायला लागलीस, मागच्या सतरंजीवर, लेकरांच्यात. मी शिकवत होते जुन्या काळच्या प्रायश्चित्ताबद्दल. याजक दोन बकरे घ्यायचा. एकाचा बळी द्यायचा. दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्या लोकांची पापं त्याच्यावर घालायचा आणि त्याला रानात सोडून द्यायचा. माझा हा धडा पाठ होता. वर्षानुवर्षं तोच तक्ता, तीच काठी. तू मागून हात वर केलास. "अक्का, मंग त्या बकऱ्याचं फुडं काय झालं?"

मी म्हटलं, "पुढे काही नाही. तो पापं घेऊन गेला."

"गेला म्हंजी? रानात एकटं बकरं सोडल्यावर लांडगं ठेवतील व्हय? कोण बघाय गेलं का न्हाय मागनं?"

पोरं माझ्याकडे बघायला लागली. इतक्या वर्षांत एकाही लेकरानं तो प्रश्न विचारला नव्हता आणि, सुलू, मलाही तो कधी पडला नव्हता. मी म्हटलं, विषय तो नाही. पण त्या दिवसापासून विषय तोच झाला. पोरं शाळा सुटल्यावर तुझ्याभोवती जमायची आणि मी तक्ता गुंडाळत एकटी उभी असायची. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते माझ्या बाबतीत असं खरं ठरलं.

आपलं भांडणही तिथूनच सुरू झालं आणि ते अर्धवटच राहिलं. ज्वारी निवडताना, पापड वाळत घालताना, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. मी म्हणायची, पापाची शिक्षा कुणीतरी भोगायलाच हवी, नाहीतर देवाच्या न्यायाला अर्थ काय? म्हणून ख्रिस्तानं आपल्या जागी मरण सोसलं. तू म्हणायचीस, "बाप हाय न्हवं त्यो? बापाला पोराचं रगत कशाला लागतंय?" मी माझ्या वडिलांची जाड पुस्तकं काढायची. तू सुपातला खडा बाजूला टाकत म्हणायचीस, "रगत त्यानं मागितलंच न्हाय अक्का. मागितलं ते माणसांनी. त्यानं निस्तं दिलं." त्यावरचं उत्तर मला आता सुचलंय, चांगलं दोन पानांचं, पण ऐकायला तू नाहीस. आणि दोन पानं ऐकूनही तू एकाच वाक्यात ती उलटवली असतीस, हेही मला माहीत आहे.

महिला मंडळाच्या त्या बैठकीत मात्र तू कहर केलास. विषय होता बलिदान. मी चाळीस मिनिटं बोलले. मग कुणीतरी तुला म्हणालं, सुलू, तू पण बोल थोडं. तू उभी राहिलीस आणि तुमच्या गावच्या जत्रेचं सांगितलंस. बकरं देवापुढे उभं करतात, त्याच्या अंगावर पाणी टाकतात. त्यानं अंग झाडलं की देवाला मान्य आहे म्हणायचं आणि मग कापायचं. "आमी ल्हान होतो तवा मी आज्याला म्हनलं, गार पाणी पडल्यावर कुणीबी थरथरल की. त्ये काय व्हय म्हनणं झालं? आज्यानं मला गप बस म्हनलं. पर हितं आल्यावर मला कळलं. ह्यो असा एकच हाय, ज्येच्या अंगावर पाणी टाकाय लागलं न्हाय. त्यो सवताहून व्हय म्हनला." आणि बसलीस.

पाळकसाहेबांच्या बायकोनं डोळे टिपले. माझी चाळीस मिनिटं पाण्यात गेली. मी रिक्षात तुझ्याशेजारी बसून घरी आले, सगळी वाट तोंड बाहेर करून. तू विचारलंस, "डोकं दुखतंय का अक्का?" डोकं नव्हतं दुखत.

आता त्या वचनांचं. उत्तम शुक्रवारी बारा ते तीन आपल्याकडे येशूनं क्रुसावरून उच्चारलेली सात वचनं होतात, सात जण एकेका वचनावर बोलतात. सोलापुरातला एप्रिल, वर पत्रा, पंखे गरम हवा फिरवतायत आणि सगळ्यांचा उपास. पहिलं वचन क्षमेचं, 'हे बापा, त्यांना क्षमा कर'. ते ज्याला मिळतं त्याला ताजे कान मिळतात. मला बारा वर्षं पाचवं मिळत आलं, तहानेचं. दोन वाजता, घसे कोरडे पडलेल्या माणसांपुढे तहानेवर बोलायचं! निम्मे लोक घड्याळाकडे बघतात, उरलेले बाहेरच्या माठाकडे. पहिलं वचन आमच्या निवृत्त हेडमास्तरांचं ठरलेलं होतं. ते मुलीकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा मला वाटलं, आता आपलं. मी आधीपासून बारा पानं लिहून ठेवली होती. पंचकमिटीनं यादी लावली. पहिल्या वचनापुढे तुझं नाव होतं. पाचव्यापुढे माझं.

तू यादी वाचून घाबरलीस. "अक्का, ही चूक झाली असंल. तुमी सांगा की त्यास्नी." मी म्हटलं, "देवानं दिलंय, घे." तोंडावर हसू आणि आत नुसता जाळ.

त्या वर्षी पवित्र सप्ताहात मी सोमवारपासूनच उपास धरला. तू फक्त शुक्रवारी धरणार होतीस म्हणून. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. प्रभुभोजनाचा द्राक्षरस आमच्या घरी होतो, माझ्या आईपासून. काळे मनुके भिजवायचे, उकळायचे, स्वच्छ फडक्यातून गाळायचे, निवला की फ्रीजमध्ये. गुरुवारी संध्याकाळी लागतो, म्हणून बुधवारी करायचा. मी तो मंगळवारीच एकटीनं उरकला, दर वेळी हाताशी येणाऱ्या तुला न बोलावता, कारण मला माझं पाचवं वचन असं लिहायचं होतं की लोकांनी पहिलं विसरून जावं. पातेलं निवायला ओट्यावर ठेवलं, वर फडकं टाकलं आणि लिहायला बसले. बुधवारी दुपारी आठवण झाली. फडकं उचललं तर कडेनं फेस आलेला. नवीन करायला मनुके नव्हते. बाजारात जायचं तर पानं अर्धी राहत होती. मी फेस काढून टाकला, वर साखर घातली, ढवळलं आणि फ्रीजमध्ये ठेवून दिलं. चाखून बघितलं असतं तर तो पार आंबलाय हे कळलं असतं. पण माझा उपास होता ना! उपास मोडू नये म्हणून मी रस चाखला नाही.

गुरुवारी ट्रे फिरला. छोटे छोटे काचेचे प्याले सगळ्यांनी एकदमच तोंडाला लावले आणि चर्चभर खोकला उठला. लेकरांनी तिथेच थुंकलं. एका म्हाताऱ्या बाईंना बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं. पवित्र गुरुवारी, भर प्रभुभोजनात.

उपासना संपल्यावर मागच्या हॉलमध्ये पंच बसले. पाळकसाहेब रागावले नव्हते, तेच जास्त वाईट होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "हे कुणाच्या हातून झालं?" सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी मागे वळून, अगदी साध्या आवाजात तुला विचारलं, "सुलू, पातेलं शेवटी तूच झाकलं होतंस ना?"

तू दाराशी उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस. तुझे खांदे थोडे हलले, मला ते स्पष्ट दिसलं. मग तू म्हणालीस, "व्हय. माज्याच हातनं ऱ्हायलं."

दुसऱ्या दिवसाचं पहिलं वचन तुझ्याकडून काढलं. आणि मला दिलं. बारा पानं तयारच होती.

सुलू, मी त्या शुक्रवारी क्षमेवर असं बोलले की बायका हुंदके देत होत्या. इतकी वर्षं कोपऱ्यात पेंगणारे ताठ बसून ऐकत होते. तू तिसऱ्या बाकावर होतीस. मी तुझ्याकडे बघायचं टाळत होते, तरी बघितलं. तू पदरानं डोळे पुसत होतीस. बाहेर माठापाशी भेटलीस तेव्हा म्हणालीस, "लई चांगलं बोललात अक्का." त्या बोलण्यात टोमणा असता तर मी त्याच दिवशी तुझ्या पाया पडले असते. पण टोमणा नव्हता. तुला खरंच आवडलं होतं. मी आयुष्यभर जे तक्त्यावर काठी फिरवून शिकवलं ते तू एका शब्दात करून मोकळी झालीस आणि तेही माझ्याचसाठी. मला कृतज्ञ वाटायला हवं होतं. मला राग आला. जो आपल्याला वाचवतो त्याच्यावर इतका राग येऊ शकतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

त्यानंतर सात वर्षं तुला कुणी बोलायला उभं केलं नाही. "जन्माची ख्रिस्ती नाही ती, पावित्र्य तिला काय कळणार," असं एकीनं म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मूग गिळून बसले. तुला प्याले धुवायचं काम दिलं. तू ते प्याले असे धुवायचीस, एकेक उजेडाला धरून, जणू मानाचं काम मिळालंय. मी रस करत राहिले. दर वेळी चाखून.

आणि तू बदलली नाहीस, हेच मला सहन होत नव्हतं. मला चिकुनगुन्या झाला, बोटं वळत नव्हती, तेव्हा रोज सकाळी येऊन तूच माझी वेणी घालायचीस. तुझा हात इतका हलका की मला झोप यायची. माझ्या आईनं घातलेल्या वेण्याही दुखायच्या गं. मी डोळे मिटून बसायची आणि मनात म्हणायची, देवा, हिला एकदा तरी माझ्यावर ओरडू दे. एकदा तरी म्हणू दे, अक्का, तुम्ही माझं वचन खाल्लंत. तू नुसती विचारायचीस, "वढतंय का?"

तुझ्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात त्या दुपारी मी ठरवून आले होते. खोलीत आपण दोघीच. मी म्हटलं, "सुलू, त्या पातेल्याचं..." तू म्हणालीस, "अक्का, तेवढी खिडकी लावा की. ऊन डोळ्यावर येतंय." मी खिडकी लावून वळले तोवर नर्स आली होती. आणि मला, मला हायसं वाटलं. ती शेवटची संधी होती हे कळलं असतं तरी वाटलं असतं. आता मला रोज वाटतं, ऊन खरंच डोळ्यावर येत होतं का तू मला बोलू दिलं नाहीस?

परवा विल्सनभावजी आले. तुझ्या कपड्यांच्या ट्रंकेत सापडलेला एक कागद माझ्या हातात दिला. सात वर्षांपूर्वीचा, चार घड्या घातलेला. शुक्रवारसाठी तू लिहिलेलं पहिलं वचन. माझी बारा पानं होती, तुझा अर्धा कागद. मी उभ्या उभ्या वाचला. तू लिहिलं होतंस: क्षमेचं वचन पहिलं का आहे? कारण दुखायला लागल्यावर माणसाला सुचत नाही. रानातनं घरी आलं की आधी जनावराला पाणी दाखवतात, मग आपली भाकर. तसं त्यानं आधी क्षमेचं काम उरकलं, मग आपल्या दुखण्याकडे बघितलं. बास. खाली तुझं नाव.

मी वाचत होते आणि पुन्हा पोटात दुखलं. तू जाऊन नऊ दिवस झाले होते आणि मी अजून तुझ्या अर्ध्या कागदावर जळत होते. किती कोडगी असावी बाई!

मी भावजींना विचारलं, "त्या दिवशी घरी आल्यावर ती रडली का हो?"

ते म्हणाले, "नाही, वहिनी. म्हणाली, अक्का पोरांना शिकवतात. पोरांनी त्यांच्याकडं मान वर करून बघाय पायजे."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सात वर्षं. सात वर्षं ते माझ्या हातचा चहा घेत होते आणि मला 'वहिनी' म्हणताना त्यांचा आवाज कधी बदलला नाही. तुझ्या संगतीत राहून माणसं अशी होतात, मी का झाले नाही?

तरी एक प्रश्न राहतोच आणि तो मी दुसऱ्या कुणाला विचारू शकत नाही. तू हॉलमध्ये 'व्हय' म्हणालीस ती माझ्या प्रश्नानंतर. आधी नाही. लोकांना वाटलं, सुलूनं कबूल केलं. मला वाटलं, सुलूनं माझ्यासाठी केलं. पण मी तुझे खांदे हललेले बघितलेत. सगळ्यांसमोर तुझ्या अंगावर गार पाणी मी टाकलं, सुलू. तू थरथरलीस, आणि त्यालाच मी आजवर तुझी मर्जी म्हणत आले. ती मर्जी होती का? तुझ्या मनात आधीच होतं, का मी तुला काही इलाजच ठेवला नाही? भावजी सांगतात ते घरी आल्यावरचं. त्या दाराशी उभी असतानाचं फक्त तुला माहीत होतं.

गेल्या रविवारी तुझ्या जागी मी प्याले धुतले. एक फुटला. बाकीचे उजेडाला धरून बघितले, तर कडांना डाग तसेच.

शुक्रवार चार दिवसांवर आलाय. पाळकसाहेबांनी यंदा पहिलं वचन मला दिलंय. म्हणाले, "सुलूताईंच्या आठवणीत बोला." मी काही लिहिलेलं नाही. आधी तुझा कागद वाचणार आहे, जसा आहे तसा, तुझं नाव घेऊन. मग पातेल्याचं सांगणार आहे. मनुके कुणी मंगळवारी उकळले, फेस कुणी काढला, वर साखर कुणी घातली आणि मागे वळून कुणी काय विचारलं. समोर माझी शाळेची पोरं बसलेली असतील. उद्यापासून शिकवू नका म्हणाले तर नाही शिकवणार. आणि तुला सांगून ठेवते, हे ऐकल्यावर लोक तुला आणखी डोक्यावर घेतील आणि मी तिथे उभ्या उभ्या पुन्हा जळणार आहे. जळू दे. त्याला आता इलाज नाही.

शुक्रवारी मी हे सांगणार आहे, ते विल्सनभावजींना माहीत नाही. पाळकसाहेबांना नाही, घरात आमच्या ह्यांनासुद्धा नाही. मला कुणी काही विचारलेलं नाही, सुलू. माझ्या अंगावर कुणी पाणी टाकलेलं नाही.